चहा सांडला? आधी स्विच बंद करा, मग सांगून टाका!

सबमिशनचा आठवडा. रात्रीचा दीड वाजलाय. मांडीवर लॅपटॉप, बाजूला स्टीलच्या ग्लासात चहा. चार्जरची वायर ओढायला वळता, कोपर लागतं आणि अर्धा ग्लास चहा थेट कीबोर्डवर. त्यानंतर तुम्ही काय करता? खरं सांगा हं. हाताला येईल त्या टी-शर्टने पुसता. रूममेट जागी झाली का ते बघता. मग 'चालतोय ना?' म्हणून चार बटणं दाबून पाहता. चालत असतो. 'वाचलो बाबा!' म्हणता आणि टायपिंग पुढे सुरू.

मी अगदी हेच केलं होतं. मागच्या वर्षी, शेवटच्या सेमिस्टरला, पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोलीत. लॅपटॉप बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलेला आणि सात हप्ते अजून बाकी. त्यामुळे घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी स्पेसबार चिकटायला लागला. तिसऱ्या दिवशी 'ए' दाबलं की एकतर काहीच उमटायचं नाही, नाहीतर एकदम सात-आठ 'ए' यायचे. तरी मी ओढत राहिले. सहाव्या दिवशी लॅपटॉप सुरूच झाला नाही.

मग गेले रिपेअरवाल्या दादांकडे. त्यांनी विचारलं, "चहा कधी सांडला?" मी म्हटलं, "काल." त्यांनी काही न बोलता मागचं झाकण उघडलं आणि बोर्ड माझ्यासमोर धरला. एका कोपऱ्यात हिरवट-पांढरी पूड जमलेली. "ताई, हे कालचं नाही. तांबं एका रात्रीत असं हिरवं पडत नाही."

बिल झालं साडेसहा हजार. कीबोर्ड नवा आणि बोर्डाचं काम वेगळं. निघताना दादा म्हणाले, "त्याच रात्री बंद करून सकाळी आणला असतात, तर बहुतेक साफसफाईवर भागलं असतं." म्हणजे चहा सांडला तो एका क्षणात, पण साडेसहा हजारांतले बरेचसे पैसे मी पुढच्या सहा दिवसांत गप्प बसून घालवले. आज हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

आत नेमकं काय होतं?

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण आपला चहा म्हणजे नळाचं पाणी, दूध आणि भरपूर साखर. पाण्यातले आणि दुधातले क्षार विजेला वाट करून देतात. लॅपटॉप चालू असेल, तर जिथे वीज जायला नको तिथेही ती जाते. एखादा भाग तिथल्या तिथे जळू शकतो. नाही जळला, तरी ओल आणि वीज एकत्र आली की बोर्डावरचं तांबं भराभर गंजायला लागतं. म्हणून 'चालतोय ना' हे बघायला लॅपटॉप चालू ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक.

साखरेचा त्रास वेगळा. चहातलं पाणी उडून जातं, साखर जात नाही. ती बटणांखाली चिकटून बसते आणि हवेतली ओल ओढत राहते. कोल्ड्रिंक सांडलं तर साखरेच्या जोडीला आम्लही येतं. त्यामुळे 'दोन दिवस सुकवला, झालं!' हे साध्या पाण्याच्या बाबतीत कधीकधी खपून जातं, चहा-कॉफीच्या बाबतीत नाही. वरून कोरडा दिसणारा लॅपटॉप आतून साफ करावाच लागतो.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, मग चार्जर काढा. फाइल सेव्ह करत बसू नका. पॉवरचं बटण स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरा. पेनड्राइव्ह, माउस, जे काही जोडलेलं असेल ते काढा. मग लॅपटॉप उघडा ठेवूनच तंबूसारखा पालथा घाला, म्हणजे चहा आत झिरपण्याऐवजी बाहेर ठिबकेल. खाली जुना टॉवेल टाका. वरवर टिपून घ्या, घासू नका. आणि मग हात मागे! पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरायचा. सकाळी उठून थेट रिपेअरवाल्याकडे.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. त्याचा उपयोग नाही. तांदूळ आतली साखर ओढून घेत नाहीत, उलट त्यांची पूड आणि कण फटींत जाऊन बसतात. हेअर ड्रायरही नको. गरम हवेने बटणं वाकडी होतात आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. सॅनिटायझर चोळायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. रिपेअरवाले ब्रशने जे लावतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते लवकर उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही.

डेस्कटॉपचा सुटा कीबोर्ड असेल तर काम बरंच सोपं. वायर काढा, उलटा करून झटका. बटणांचा एक फोटो काढून ठेवा, नाहीतर नंतर 'क्यू' कुठे होता हे शोधत बसाल. मग बटणं हलक्या हाताने उपटून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. साध्या कीबोर्डात बटणांखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. चहा त्यांच्या मध्ये शिरला, की एक बटण दाबलं तरी भलतंच उमटतं. स्क्रू काढून ते पुसता येतात. जोडण्याआधी एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या. एवढं करून नाहीच चालला, तर साधा वायरचा कीबोर्ड पाचशेच्या आसपास मिळतो. लॅपटॉपचं तसं नाही. अनेक मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेललाच रिव्हेटने पक्का बसवलेला असतो, म्हणून बिलाचा आकडा वाढतो.

पण आपण लपवतो का?

ही माहिती शोधायला दोन मिनिटं लागतात. मलाही ती त्या रात्री शोधता आली असती. मी शोधली नाही, कारण माझ्या डोक्यात 'लॅपटॉप कसा वाचवू' हा प्रश्नच नव्हता. 'बाबांना कळलं तर?' एवढाच होता. लहानपणापासून काहीही सांडलं, फुटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "लक्ष कुठे होतं तुझं?" त्या प्रश्नाला उत्तर नसतं. मग आपण सांडलेलं पुसायला शिकतो आणि सांगायचं टाळायलाही शिकतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये याचंच मोठं रूप दिसतं. दारावर पाटी असते: 'खाद्यपदार्थ व पेये आणू नयेत. नुकसान झाल्यास दंड.' तरी बाटल्या आत जातातच. पाणी सांडलं की मुलं कीबोर्ड पुसतात आणि शेजारच्या मशिनवर जाऊन बसतात. त्याचा फटका पुढच्या बॅचमधल्या कुणाला तरी बसतो, प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी, 'एंटर' चालत नाही म्हणून. त्या पाटीखाली आणखी एक ओळ हवी असं मला वाटतं: 'सांडलंच तर स्विच बंद करा आणि लगेच सांगा. लगेच सांगणाऱ्याला दंड नाही.'

'मग काय, सगळे बिनधास्त चहा घेऊन येतील,' असं कोणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. मुद्दाम कोणी कीबोर्डवर चहा ओतत नाही. दंडाच्या धाकाने सांडणं थांबत नाही, सांगणं मात्र नक्की थांबतं. आणि लपवून तरी काय मिळतं? बऱ्याच लॅपटॉपच्या आत ओल लागली की लाल होणारे स्टिकर असतात. सर्व्हिस सेंटरवाले ते आधी बघतात. नेहमीच्या वॉरंटीत सांडल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी अपघाती नुकसानाचा वेगळा प्लॅन लागतो. त्यामुळे तिथे 'आपोआप बंद पडला' हे सांगून काही हाती लागत नाही.

बिल भरायला पैसे नव्हते म्हणून शेवटी मला घरी फोन करावाच लागला. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा दिवस एकटीच टेन्शन घेऊन बसलीस होय?" रागावले नाहीत असं नाही. रागावले, पण चहावरून नाही.

म्हणून एक करून बघा. उद्या तुमच्या रूममेटने तुमच्याच लॅपटॉपवर कॉफी सांडली, तर "लक्ष कुठे होतं?" हे तोंडावर आलेलं वाक्य गिळा. पहिला प्रश्न विचारा, "चार्जर काढलास का?" भांडण नंतरही करता येतं. लॅपटॉप उघडून साफ करायला मात्र उशीर चालत नाही.