कोणी पाहिलं?

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, लिहायला विषय कमी नव्हते. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभी शेतं मातीसकट नेली. निवडणुकांची चाहूल लागल्यापासून धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्रीच्या चौकातले शुभेच्छाफलक रोज चेहरे बदलताहेत. या सगळ्यावर इतर दिवाळी अंकांमध्ये भरपूर वाचायला मिळेल. दिवाळीला तुमच्या घरी आमच्याखेरीज आणखी दोन-तीन अंक येतात, हे आम्हाला ठाऊक आहे आणि आमची त्याला हरकत नाही. मला मात्र वर्षभर एकाच गोष्टीने डिवचलं आहे. ती गोष्ट म्हणजे तारे. नारळीकरांचे नव्हेत, मोबाइलवरचे.

कुठल्याही डॉक्टरांचं नाव मोबाइलवर टाका. पत्त्याच्या आधी तारे दिसतात. चार पूर्णांक नऊ. खाली ‘व्हेरी नाइस सर’, ‘बेस्ट हॉस्पिटल’, ‘स्टाफ खूप प्रेमळ’. मग अचानक एक तारा आणि ‘एक नंबर लुटारू’. कशाला लुटारू, कधी, किती पैसे घेतले, काही नाही. आता हाच न्याय क्लासवाल्या सरांना, वकिलांना, कर सल्लागारांना आणि गुरांच्या डॉक्टरांनाही लागू झाला आहे. घरातला नववीतला मुलगा वडिलांना सांगतो, ‘त्यांच्याकडे नको, तीनच तारे आहेत.’ वडील मुकाट्याने मोटारसायकल वळवतात.

मुंबई-पुण्यात याचा थोडाफार उपयोग होत असेल. तिथे माणूस माणसाला ओळखत नाही. साक्रीत तारे देणारा आणि घेणारा परवाच एका लग्नात शेजारी शेजारी जेवायला बसलेले असतात. डॉक्टरांचा कंपाउंडर आपल्या भाच्याचा वर्गमित्र, सरांची बायको आपल्या वहिनीच्या भिशीत. त्यामुळे इथले पाच तारे म्हणजे आहेर आहे. दिला तर कोणी विशेष कौतुक करत नाही, नाही दिला तर मात्र नाव लक्षात राहतं. आणि एक तारा म्हणजे जुनं भांडण, बहुतेक वेळा भलत्याच कारणावरून. खरं मत या दोन्हींत कुठेच नसतं. ते एसटी स्टँडवर असतं, चहाच्या टपरीवर असतं, विहिणींच्या फोनवर असतं. ‘हातगुण चांगला शे, पण लिखस भलतं महागडं’ हे अहिराणीतलं एक वाक्य पन्नास ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतं. ते लिहून खाली नाव घालायची मात्र कोणाची तयारी नाही.

एका दवाखान्यात यंदा जे पाहिलं ते सांगतो. काउंटरवर दोन चौकोनी ठिपकेदार पाट्या, एक पैसे देण्याची, दुसरी मत देण्याची. डोंगरपट्ट्यातली एक म्हातारी नातवाला घेऊन आलेली, पदराला गाठ मारून ठेवलेल्या नोटा, पाय सुजलेले. नंबराची चिठ्ठी देता देता काउंटरवरच्या पोराने नातवाला सांगितलं, ‘दादा, तोवर एक रिव्ह्यू टाक ना.’ नातू आज्ञाधारक. त्याने पाच तारे दाबले आणि ‘सुपर’ लिहिलं. आजीचा नंबर लागायला अजून दीड तास होता. डॉक्टरांनी तिचा पाय पाहायच्या आधी त्यांचा निकाल लागलेला होता, तोही पैकीच्या पैकी.

यात डॉक्टरांनाच दोष देऊन चालणार नाही. शेजारच्याचे चारशे आणि आपले चाळीस, हे पाहून बिचारे कासावीस होतात. मग फोन येतात, ‘सर, महिन्याला इतके पाचतारे टाकून देतो.’ भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस १९००० असा त्याचा क्रमांक. विकत घेतलेली मतं नकोत, मत देणाऱ्याची खातरजमा हवी, असं त्यात सगळं आहे. फक्त ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम काढले आणि रुग्णांची प्रशस्तिपत्रं मागू नयेत, समाजमाध्यमांवर मिरवू नयेत, असं डॉक्टरांना बजावलं. तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. म्हणजे पान वाढलेलं होतं, जेवायच्या आत उचललं.

पण माझा राग खोट्या कौतुकावर फारसा नाही. त्याने फार तर कोणाचा तरी धंदा वाढतो. राग आहे तो एका ताऱ्यावर, आणि त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आणला गेला. मेंदूचा शल्यविशारद तिथे उपलब्ध नव्हता. रुग्णाला दुसरीकडे हलवा, असं ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने सांगितलं. नातेवाइकांच्या जमावाने त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. नंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, ते सर्वांना आठवत असेल. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून होता, तो काही त्या रात्री मध्ये पडला नाही. आता कल्पना करा, त्या जमावाने हात उगारण्याऐवजी मोबाइल काढला असता. काय लिहिलं असतं? ‘डॉक्टरने पेशंटला हात लावला नाही. एक तारा.’ अक्षरशः खोटं म्हणता येणार नाही. पण जो शल्यविशारद तिथे नव्हता त्याच्या नसण्याचा दोष समोर उभ्या असलेल्या पोराच्या नावावर चढला असता आणि कायमचा राहिला असता. ज्याच्यामुळे तो नव्हता त्याला तारे द्यायची सोय कुठेही नाही. तारा नेहमी जो हजर असतो त्यालाच लागतो. गैरहजर असलेला सुटतो.

दुसरी आठवण सांगताना लाज वाटते, पण साक्री तालुक्यातून निघणाऱ्या अंकाने ती टाळून चालणार नाही. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवर आधीपासून फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही. ते संदेश पुढे पाठवणाऱ्यांना त्या पाच जणांची नावं ठाऊक नव्हती, त्यांच्याशी कोणाचं वैर नव्हतं. त्यांनी एवढंच केलं की आलेलं पुढे ढकललं. ‘हे कोणी पाहिलं?’ हा प्रश्न विचारला गेला नाही.

एका ताऱ्याची आणि राईनपाड्याची तुलना करतोय, असं म्हणून काही जण माझ्यावर तुटून पडतील. पडा. तुलना परिणामाची नाही, सवयीची आहे. न पाहिलेल्या माणसाबद्दल ऐकीव शब्द अंगठ्याने पुढे ढकलायची सवय या तालुक्याने तरी स्वतःला लावून घेऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

मग बोलायचंच नाही का? उलट. डॉक्टर-मास्तरांबद्दल नागरिकांनी उघडपणे बोललंच पाहिजे, आणि आपण ते फार कमी बोलतो. फक्त जे पाहिलं ते बोलावं. पावती मागितली, दिली नाही. एका तासाची वेळ दिली, चार तास बसवलं. औषध त्यांच्याच दुकानातून घ्यायला लावलं. गर्भवती बाईशी उर्मटपणे बोलले. याला वैद्यकशास्त्र कळावं लागत नाही. पण ‘चुकीचं ऑपरेशन केलं’ हे बाकावर बसलेल्याला कसं ठरवता येणार?

शिक्षकांचंही तसंच. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत, शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, असं म्हटल्यावर गुरुजी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचा फतवाही निघाला होता. फोटोचा प्रकार मला अपमानास्पद वाटला. बंबांचा आरोप मात्र, सगळ्या शिक्षकांना एका दावणीला बांधल्याचा भाग सोडला तर, तपासता येणारा होता. गुरुजी गावात राहतात की नाही, हे गावाला दिसतं. ते नावानिशी, पुराव्यानिशी मांडावं. ‘सर शिकवत नाहीत’ या वाक्याचं मात्र कोणी काय करायचं? आणि तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर एक वेगळाच घोळ आहे. दिवाळी झाली की तिथले आईबाप ऊसतोडीला गुजरातेत निघतात. मागे राहिलेल्या पोरांना शाळेत टिकवून धरणारे शिक्षक आहेत, मी पाहिलेले आहेत. त्यांना एकही तारा नाही. मत देणारे पालक बारडोलीकडे कोयता चालवताहेत, आणि नातवंडांची आंघोळ-वेणी करणाऱ्या आजीकडे फोन आहे तो बटणांचा.

शिक्षकांना असे गुण द्यावेत का, यावर बाहेरच्या न्यायालयांचंही एकमत नाही. जर्मनीत एका शिक्षिकेला विद्यार्थ्यांनी एका संकेतस्थळावर ४.३ गुण दिले. तिथे १ सर्वांत चांगला, तेव्हा हे वाईटच. ती सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेली आणि २००९ मध्ये हरली. विद्यार्थ्यांना मत आहे, असं न्यायालय म्हणालं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सच्या न्यायालयाने तशाच एका संकेतस्थळाला शिक्षकांची नावं काढायला लावली होती. शेजारचे देश, दोन टोकं. आपल्याकडे तर कायद्याची आणखी मजा. १९९५ पासून पैसे घेणारा डॉक्टर ग्राहक कायद्यात आहे, सर्वांना मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय नाही, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना त्यातून बाहेर काढलं. न्याय देण्याच्या धंद्यातले सुटले, नाडी बघणारे अडकले.

खरा मुद्दा पाटीचा आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी दवाखान्यात बसाल तेव्हा भिंतीवर नजर फिरवा. देवांचे फोटो दिसतील, कॅलेंडरं दिसतील, सत्काराचे फोटो दिसतील. दरपत्रक दिसलं तर मला कळवा, मी त्या डॉक्टरांचं नाव कौतुकाने छापीन. यंदा महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणला. मोबाइलने टिपला की समोरचा नोंदणीकृत आहे की नाही ते कळतं. आमच्या पट्ट्यात, जिथे पदवीविना सलाइन लावणारे अजून फिरतात, त्याची सर्वांत जास्त गरज आहे. आणि दवाखान्यात पाहा, पैसे मागणारा कोड आहे, तारे मागणारा कोड आहे, तो तिसरा मात्र शोधावा लागतो.

कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनबद्दल, तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये मुंबईत एका हृदयरुग्णालयाने ‘आम्ही कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे फलक लावले तर डॉक्टरांच्याच संघटनेला ते झोंबले. सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली, कायद्याचा मसुदा झाला, कायदा आजतागायत झाला नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून या धंद्याच्या आतल्या गोष्टी लोकांसमोर आणल्या. मराठीत ‘कैफियत’ या नावाने ते पुस्तक आहे. डॉक्टरांबद्दलचा मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय डॉक्टरांनीच दिलेला आहे, त्यात तारा एकही नाही. रुग्णाला साक्रीतून धुळ्याला आणि धुळ्याहून नाशिकला कोण, कशासाठी पाठवतो, हे रुग्णाला कधी दिसतच नाही. मग तो मत कशावर देणार? भिंतीच्या रंगावर. रिसेप्शनवरच्या मुलीच्या हसण्यावर.

आता अंकाच्या विषयाकडे यायला हवं, नाहीतर आमचे कार्यकारी संपादक रुसतील. यंदाचा विषय पाणी, आणि त्यातला मोठा विभाग पांझरा-कान नद्यांच्या खोऱ्यातल्या सिंचनाच्या फड पद्धतीवर आहे. ओढूनताणून संबंध जोडतोय असं वाटेल, वाटू द्या. बंधारा, पाट, पाटाखालचे फड, आणि कुठल्या फडात काय पिकवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ही व्यवस्था काही शतकं चालली ती पाटकरी, जागल्या आणि हवालदार या माणसांच्या जिवावर. पाटकऱ्याने पाणी कोणाला कमी दिलं ते त्याच दिवशी वाफ्यात दिसायचं. तक्रार करणारा समोर, पाटकरी समोर, पाट समोर. निनावी बोलायला जागाच नव्हती. भांडणं व्हायची, ती आतल्या लेखात आहेत, काही फार रंगतदार आहेत. जात आणि जमीनदारी यांनी तिथेही कोणाचं तोंड बंद केलं असेलच, त्या पद्धतीची आरती ओवाळायची नाही. पण काम करणाऱ्याची पारख काम दिसतं तिथे उभं राहून व्हायची.

एक जाहीर करतो. पुढच्या वर्षीपासून या अंकात चार पानं ‘अनुभव’ म्हणून राखून ठेवतो आहोत. डॉक्टर, शिक्षक, वकील, बँकेचे साहेब, तलाठी, पुढारी, कोणाबद्दलही लिहा. पुढाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण उलटून बोलू शकणार नाही अशालाच आपण बहुधा एक तारा देतो. अटी थोड्या आहेत. लिहिणाऱ्याचं नाव, गाव, प्रसंगाची तारीख. स्वतः पाहिलेलं, स्वतः भोगलेलं. पावती असेल तर तिची प्रत. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला मजकूर छपाईआधी दाखवला जाईल आणि त्याचं उत्तर त्याच पानावर, तितक्याच जागेत येईल. चांगला अनुभवही चालेल, पण ‘देवमाणूस’ हा शब्द आला की आम्ही काट मारणार. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहून घेऊन अंगठा उठवा. निनावी पत्रं रद्दीत जातील, आणि यंदा बाजारात रद्दीचा भाव कांद्यापेक्षा बरा आहे.