साठ दिवस: मोहननगरच्या नाल्याकाठच्या सर्वांना जाहीर इशारा

दुर्गमधल्या मोहननगरच्या नाल्यात ज्यांचे पाइप सुटले आहेत, त्या सर्वांना हा इशारा आहे. घर असो, गॅरेज असो, कोंबडीचं दुकान असो की म्हशींचा गोठा. आजपासून साठ दिवस मोजा.

साठच का, ते आधी सांगतो. जलप्रदूषणाचा कायदा 1974 सालचा आहे. त्याचं कलम 24 सांगतं की प्रवाहात जाणूनबुजून घाण सोडता येणार नाही. आणि प्रवाह म्हणजे फक्त नदी नव्हे. उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओहोळही त्या व्याख्येत बसतो. तेव्हा “गटारच आहे ते, त्यात काय?” हे उत्तर घरात ठेवा, कोर्टात चालायचं नाही. कलम 49 प्रमाणे साधा नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो, फक्त राज्याच्या प्रदूषण मंडळाला साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाच्या नावची ती नोटीस आज जात आहे. मुदत तिथून आली, आमच्या रागातून नाही.

आता पुरावा. गेल्या रविवारी पहाटे पाचला आम्ही तिघं पुलाखाली उतरलो. पहाटेच, कारण दुपारचा नमुना खोटं बोलतो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं आणि आजारी पाणीसुद्धा ठणठणीत दिसतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं, म्हणून उजाडायच्या आत गेलं की पाण्याची खरी नाडी सापडते. काचेची बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही, आणि दोन द्रावणं थेंबाथेंबाने सोडली: मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात प्राणवायू असला की तळाशी तपकिरी साका बसतो. आमच्या बाटलीत बसला तो पांढरा, फाटलेल्या दुधासारखा. दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. तीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, मासे जगायला किमान 4 हवा असं केंद्रीय प्रदूषण मंडळाचं माप आहे. आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही.

मग एक दगड उलटा केला. निरोगी ओढ्यातल्या दगडाच्या पोटाला तीन शेपट्यांची चपटी पिल्लं बिलगलेली असतात, वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घरकुल बांधणाऱ्या अळ्या असतात, चतुराची बाळं दबा धरून बसलेली असतात. आमच्या दगडाखाली काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास आणि लाल दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या. त्यांचा तो लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा. म्हणून तर जिथे बाकीचे गुदमरतात तिथे त्या तग धरतात. शेजारी शेपटीची लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारी एक पांढरट अळी. हे दोन रहिवासी उरले आणि बाकी सगळे गेले, की प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत थांबायची गरज उरत नाही.

हे पाणी मोहननगरात राहत नाही. ते शिवनाथला जातं, आणि शिवनाथचं पाणी दुर्गच्या नळाला येतं. 2018 च्या केंद्रीय यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात शिवनाथही होती. याच नदीचा बोरईजवळचा 23 किलोमीटरचा पट्टा 1998 मध्ये 22 वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे गेला, तेव्हा “नदी विकली” म्हणून केवढा गहजब झाला होता! योग्यच होता. पण तीच नदी आपण रोज बादलीबादलीने नासवतो तेव्हा कोणी ओरडत नाही, कारण बादली आपल्या हातात असते. गणपती विसर्जनाला शिवनाथवर नाकाला रुमाल लावणारे आणि परसातला पाइप नाल्यात सोडणारे आपण मराठी लोकही त्यात आहोत. हे खाली मान घालून लिहितो.

तेव्हा स्पष्ट ऐका. संडासाचा पाइप नाल्यातून काढा, सेप्टिक टँकला जोडा. गाडीचं जुनं ऑइल डब्यात साठवा, ते विकत घेणारे आहेत. शेण खताला द्या. पिसं आणि आतडी पोत्यात भरून घंटागाडीला द्या. रात्री अकरानंतर पुलावर येऊन उपसलेला मैला ओतणाऱ्या टँकरवाल्यांनी लक्षात ठेवावं, नंबर टिपले जात आहेत.

आणि सौंदर्यीकरणाची स्वप्नं पाहणाऱ्यांनाही: तळाला सिमेंट ओतून नाला “पक्का” करू नका. त्या दगडवाळूतच पाणी शुद्ध करणारा जीव राहतो. सिमेंट टाकलंत तर पाणी सुधारलं तरी त्यात परत येणाऱ्याला घर उरणार नाही. पार्षदांनी विकासकामाच्या फलकावर स्वतःचं नाव घालण्याआधी एकदा दगड उलटून पाहावा.

साठ दिवसांनी जे पाइप वाहते सापडतील त्यांची यादी, फोटो आणि बाटल्यांच्या नोंदींसह, न्यायालयात जाईल. गरज पडली तर भोपाळच्या हरित न्यायाधिकरणातही. ओळखीपाळखीचा, “काका, जरा सांभाळून घ्या”चा उपयोग होणार नाही. माझ्या स्वतःच्या घराचा पाइप मागच्या महिन्यात बंद केला आहे, येऊन पाहा.

पुढचा नमुना येत्या रविवारी पहाटे पाचला, पुलाखाली. पाइप बुजवला असेल तर तिथे येऊन नाव कमी करून घ्या.