अप्रेझलमध्ये ‘3’ आले? ते रेटिंग नेमकं कुठं आणि कसं ठरतं, एकदा समजून घ्या

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर ‘सीआर’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला असतो. साहेबांशी वाजलं की घरचे म्हणायचे, जरा दमानं घ्या, सीआर खराब करतील. सीआर म्हणजे गोपनीय अहवाल. वर्षभराच्या कामाबद्दल साहेब त्यात शेरा लिहायचे. शेरा अगदीच वाईट असेल तर कळवायचे, बाकी काय लिहिलंय ते कपाटात बंद. कळायचं थेट प्रमोशनची यादी लागल्यावर, आणि त्यात आपलं नाव नसल्यावर.

आता त्याच घरातली पोरं हिंजवडी, खराडी नाहीतर ऐरोलीला कामाला जातात. त्यांना सीआर नसतो, अप्रेझल असतं. एप्रिल-मेच्या आसपास स्क्रीनवर एक आकडा येतो. पाचपैकी तीन. बाजूला लिहिलेलं असतं ‘मीट्स एक्सपेक्टेशन्स’. म्हणजे अपेक्षेप्रमाणे काम केलं. मग हाइक का नाही? मॅनेजर म्हणतो, मी तर तुला चार दिले होते, वरून तीन झाले.

हे ‘वरून’ म्हणजे नेमकं कुठून?

उत्तर शोधण्याआधी एक जुनी केस बघू, कारण ‘तीन’चं दुखणं त्यात अगदी नेमकं सापडतं. देव दत्त हे सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता होते. पुढच्या पदासाठी पाच वर्षांचे शेरे बघायचे आणि ते ‘व्हेरी गुड’ असायला हवेत, असा नियम होता. त्यांचा 1993-94 चा शेरा निघाला नुसता ‘गुड’. ‘गुड’ म्हणजे वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कुणी कळवलाच नाही. प्रमोशन मात्र हुकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे 2008 मध्ये कोर्टानं सांगितलं की ज्या शेऱ्यामुळं माणसाची बढती अडते तो शेरा त्याच्यासाठी वाईटच, मग त्याचं नाव काहीही असो. आणि सरकारी कर्मचाऱ्याला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. निकाल आला तोपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते, ही गोष्ट वेगळी.

खासगी कंपनीत ‘मीट्स एक्सपेक्टेशन्स’ हा आपला आजचा ‘गुड’. आकडा तुम्हाला दिसतो, पण तो कसा झाला ते दिसत नाही.

तर होतं असं. मॅनेजर आपल्या टीमला रेटिंग देतो, ते फक्त प्रस्ताव असतात. नंतर चार-सहा मॅनेजर आणि एचआर एका मीटिंगला बसतात. या मीटिंगला कुठं कॅलिब्रेशन म्हणतात, कुठं नॉर्मलायझेशन. सगळ्यांची माणसं एका यादीत येतात आणि वरच्या खान्यात किती, मधल्यात किती, खालच्यात किती याचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं. हाच तो बेल कर्व्ह. गणित साधं आहे. समजा वरच्या खान्यात दहा टक्के माणसं बसतात आणि तुमच्या टीममध्ये आहेत आठ जण. आठचे दहा टक्के म्हणजे एक माणूससुद्धा पुरा होत नाही. मग दोन-तीन टीम एकत्र करायच्या आणि त्यातून दोन नावं काढायची. इथं तुमचं काम कसं होतं यापेक्षा तुमचा मॅनेजर त्या खोलीत किती भांडतो, त्याच्याकडं सांगण्यासारखं काय आहे आणि यंदा त्याला आणखी कुणाला वाचवायचंय, यावर गाडी अडते.

ही पद्धत गाजवली जॅक वेल्च यांनी. 1981 ते 2001 ते जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख होते. वरचे 20 टक्के डोक्यावर घ्या, मधले 70 सांभाळा, खालच्या 10 टक्क्यांना निरोप द्या, असा त्यांचा हिशोब. कंपनीचा शेअर तेव्हा जोरात होता, त्यामुळं जगभरातल्या कंपन्यांनी हे उचललं. आपल्याकडच्या आयटी कंपन्याही त्यात आल्या.

मग मायक्रोसॉफ्टमध्ये त्याचे चटके बसले. 2012 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात तिथल्या कारभारावर मोठा लेख आला. त्यातली एक गोष्ट भारी होती. चांगले इंजिनिअर दुसऱ्या चांगल्या इंजिनिअरांच्या टीममध्ये जायला टाळायचे. कारण उघड आहे, सगळे हुशार एका टीममध्ये आले तरी कुणीतरी खालच्या खान्यात जाणारच, मग तो मी कशाला होऊ? नोव्हेंबर 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत बंद केली. 2015 मध्ये इन्फोसिसनं बेल कर्व्ह सोडला, त्याच वर्षी अ‍ॅक्सेंचरनं वार्षिक रेटिंगला रामराम ठोकायचं जाहीर केलं. वाटलं, सुटलो.

पण सुटका अर्धीच होती. बेल कर्व्हचं नाव गेलं तरी पगारवाढीची रक्कम ठरलेलीच राहिली. एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याच्या ताटातलं काढावं लागतं. आणि बाजार मंदावला की जुनी सवय परत येते. जानेवारी 2025 मध्ये मेटाच्या मार्क झुकरबर्ग यांनी कमी कामगिरीवाल्या सुमारे पाच टक्के लोकांना काढायचं जाहीर केलं. टक्का आधी ठरला, माणसं नंतर शोधली.

मुळात माणसांची कामगिरी अशी घंटेच्या आकारात पसरलेली असते का, हाही प्रश्नच आहे. कंपनी परीक्षा, मुलाखत, प्रोबेशन अशा चाळण्या लावून माणसं घेते आणि नंतर त्याच माणसांत ठराविक टक्के नापास शोधते. 2012 मध्ये ओ’बॉयल आणि अग्विनिस या दोन संशोधकांनी 6 लाखांहून जास्त लोकांच्या कामगिरीची आकडेवारी तपासली. त्यात संशोधक, कलाकार, राजकारणी, खेळाडू असे सगळे होते. बहुतेक ठिकाणी घंटा दिसलीच नाही. मूठभर लोक फार पुढं आणि बाकी मोठा घोळका जवळपास सारखा, असं चित्र निघालं. त्या घोळक्यात तीन आणि चार यांच्यात फरक करायचा म्हणजे केस चिरत बसायचं.

त्याहून मजेशीर अभ्यास आहे 2000 सालचा. स्कलन, माउंट आणि गॉफ या तिघांनी 4,492 मॅनेजरांना मिळालेल्या रेटिंगचा हिशोब लावला. रेटिंगमध्ये जो चढउतार होता त्यातला 62 टक्के भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वभावातून आणि सवयीतून आला होता. प्रत्यक्ष कामगिरीचा वाटा होता 21 टक्के. म्हणजे तुमच्या मॅनेजरनं दिलेला आकडा तुमच्यापेक्षा मॅनेजरबद्दलच जास्त सांगतो! कुणाचा हात सढळ, कुणाचा आखडता. शाळेत पेपर तपासणारे मास्तर आठवा.

आता कामगिरी मोजायची आणखी एक तऱ्हा आलीय आणि ती आपल्याकडं जास्त लागू आहे.

12 जून 2025 पासून टीसीएसनं नवा नियम लावला. वर्षात किमान 225 दिवस तुम्ही अशा कामावर हवं ज्याचं बिल ग्राहकाला लागतं. प्रोजेक्टशिवाय बसायची, म्हणजे बेंचवर राहायची मुदत वर्षाला 35 दिवस. शनिवार-रविवार वगळले तर वर्षाचे साधारण 260 दिवस उरतात, त्यातून 225 गेले की 35, असा हा हिशोब बसतो. पुढच्याच महिन्यात कंपनीनं जवळपास 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त लोक कमी करायचं जाहीर केलं. त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतले. एआयमुळं नव्हे, तर ज्यांना कुठल्या कामावर लावणं शक्य होत नाही त्यांच्याबाबत हा निर्णय आहे, असं कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांचं म्हणणं होतं. बेंचच्या नियमाविरुद्ध पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं तक्रार केली.

कंपनीची बाजूही आहे. बिल न होणाऱ्या माणसाचा पगार कुठून तरी काढावाच लागतो. पण प्रोजेक्ट मिळणं हे एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात असतं का? ग्राहकानं काम थांबवलं, अमेरिकेत बजेट कापलं गेलं, तुमचं तंत्रज्ञान जुनं झालं आणि नवं शिकवायला कुणी वेळ दिला नाही, तर दिवस मोजले जातात ते तुमचेच. ग्राहकाचा निर्णय तुमच्या कामगिरीच्या रकान्यात जाऊन बसतो. मला यात सगळ्यात खटकतं ते हे. पंधरा वर्षं चांगलं रेटिंग घेतलेला माणूस दोन महिन्यांत ‘नॉन परफॉर्मर’ होतो, आणि शेजारीपाजारी, नातेवाईक काय, तो स्वतःसुद्धा ते खरं मानायला लागतो.

मग करायचं काय? त्या खोलीत तुम्ही नसता, पण तुमच्याबद्दलचा कागद तिथं पोचू शकतो.

आपल्याकडं स्वतःची टिमकी वाजवणं वाईट समजतात. काम चोख करायचं, दिसेल त्याला दिसेल. गंमत अशी की कॅलिब्रेशनला बसलेल्या पाच मॅनेजरांपैकी चौघांनी तुमचं काम पाहिलेलंच नसतं. तुमचा मॅनेजर ‘पोरगा मेहनती आहे’ म्हणाला की दुसरा म्हणतो, माझे पण सगळे मेहनती आहेत. तिथं टिकतं ते नेमकं वाक्य: अमुक सिस्टीम रात्री बंद पडायची, हिनं कारण शोधलं, तेव्हापासून तक्रार नाही. हे वाक्य तुम्ही महिन्याच्या महिन्याला मॅनेजरला दोन ओळींच्या मेलवर दिलेलं असेल तर तो ते वाचून दाखवेल. मार्चमध्ये आठवायला बसलात तर एप्रिल ते डिसेंबर कोरं जातं, कारण माणसाला शेवटचे दोन-तीन महिनेच आठवतात. आणि हे सगळं मीटिंगच्या आधी पोचलं पाहिजे. रेटिंग लागल्यावर वाद घालून आकडा क्वचितच बदलतो, कारण एकाला वर घ्यायचं तर दुसऱ्याला खाली ढकलावं लागतं.

मॅनेजर वर्षाच्या मधे बदलला तर जुन्याकडून लेखी अभिप्राय लगेच मागून घ्या. नव्याला तुमचे पहिले सहा महिने माहीतच नसतात. आणि नोंदी ठेवताना एक पथ्य पाळा: कंपनीचा कोड, ग्राहकाचा डेटा, अंतर्गत कागद स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. तेवढ्या एका कारणावरून नोकरी जाऊ शकते. काय केलं, कधी केलं, आपल्या शब्दांत वहीत लिहा.

रेटिंग एकदम तळाला गेलं की येतो पीआयपी, म्हणजे सुधारणेसाठी दिलेली मुदत, साधारण एक ते तीन महिन्यांची. काही जण त्यातून खरंच बाहेर पडतात. पण उद्दिष्टं मोघम असतील, आठवड्याची बैठक होत नसेल आणि एचआर सौम्य आवाजात ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ म्हणत असेल, तर काय चाललंय ते ओळखा.

या राजीनाम्यात मोठी मेख आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुना औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असाल आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून 15 दिवसांचा पगार. पण हे सगळं कंपनीनं काढलं तर. तुम्ही ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून दिलंत की तुम्ही स्वतःहून गेलात. म्हणून त्याच बैठकीत सही करू नका. विचार करायला वेळ हवाय असं मेलवर लिहा, आणि राजीनामा मागितला असेल तर तो मागितल्याचाही त्यात उल्लेख करा.

‘मी तर सीनियर मॅनेजर, मी कुठला कामगार?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. व्यवस्थापकीय काम करणारे, तसंच महिना 18 हजारांहून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, हे खरं. पण कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. चेन्नईत टीसीएसच्या एका इंजिनिअरला 2015 मध्ये कामगिरी समाधानकारक नाही म्हणून काढलं होतं. त्याचं काम व्यवस्थापकीय असल्यानं तो कामगार नाही, असं कंपनीचं म्हणणं. काम तांत्रिक आहे, म्हणजे तो कामगारच, असं तिथल्या कामगार न्यायालयानं ठरवलं आणि थकलेल्या पगारासह परत घ्यायचा आदेश दिला. तो आदेश आला 2022 मध्ये.

सात वर्षं. ईएमआय भरणाऱ्या माणसाला ती परवडत नाहीत, हे एचआरलाही माहीत असतं. म्हणून बहुतेक प्रकरणं टेबलावरच मिटतात, आणि टेबलावर काय मिळेल हे तुमच्याकडं कागद किती आहेत त्यावर ठरतं. राजीनामा द्यायचाच झाला तर नोटिशीचा पगार, रिलीव्हिंग लेटरमधली भाषा आणि विम्याची मुदत हे सगळं आधी लेखी घ्या. हिशोबासाठी ‘45 दिवस लागतात’ असं कुणी म्हणालं तर नवी वेतन संहिता दाखवा. राजीनामा असो की कपात, शिल्लक पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.