रोपाची पानं मान टाकतायत म्हणून सर्च करताय? ते रोप गांजाचं असेल तर प्रश्न पाण्याचा नाही, १० वर्षांचा आहे

समजा, बाणेरमध्ये भाड्याचा एक टू बीएचके फ्लॅट आहे. तीन पोरं राहतात. त्यातल्या एकाने कपाटात एलईडी दिवा लावलाय, छोटा पंखा बसवलाय आणि खाली कुंडीत एक रोप ठेवलंय. रोप जेमतेम तीन आठवड्यांचं. काल पानं ताठ होती, आज सगळी खाली झुकलीत. पोरगं मोबाईल काढतं आणि सर्च मारतं, "पानं का सुकली?"

उत्तरं लगेच येतात. पाणी जास्त झालं. पाणी कमी पडलं. दिवा फार जवळ आहे. खत जास्त झालं.

रोप टोमॅटोचं किंवा मिरचीचं असेल तर विषय इथेच संपतो. पण ते गांजाचं असेल, तर फूल आलेलं नसलं, एक ग्रॅमही गांजा तयार झालेला नसला, तरी भारतातल्या कायद्यानुसार १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

सोशल मीडियावर मात्र याच्या बरोबर उलट गोष्टी फिरतात. "पानं लीगल आहेत", "एक झाड चालतं", "स्वतःपुरतं असेल तर काही होत नाही". यातलं खरं किती आणि खोटं किती?

आधी बघू, पानं मान का टाकतात?

कोणत्याही कोवळ्या रोपाचं पान ताठ राहतं ते आतल्या पाण्याच्या दाबामुळे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असते तसं पेशींमध्ये पाणी भरलेलं असतं. मुळांकडून येणारं पाणी कमी झालं किंवा पानांतून उडून जाणारं पाणी वाढलं की हा दाब उतरतो आणि पान झुकतं.

गंमत म्हणजे पाणी जास्त झालं तरी हेच होतं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिखलासारखी राहिली तर मुळं गुदमरतात आणि पाणी ओढायचं थांबवतात. म्हणजे कुंडीत पाणी आहे, पण रोप तहानलेलं आहे. घरातल्या रोपांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक हीच. पान झुकलेलं दिसलं की माणूस आणखी पाणी ओततो.

फरक ओळखायचा कसा? कुंडी उचलून बघायची. जड असेल आणि पानं मऊ, फुगीर दिसत असतील तर पाणी जास्त झालंय. कुंडी हलकी असेल आणि पानं कागदासारखी पातळ लागत असतील तर पाणी कमी पडलंय. पानांची टोकं करपली असतील तर खताचे क्षार साचल्याची शक्यता असते. खोडच बुडाशी बारीक होऊन रोप आडवं झालं असेल तर ती बुरशीमुळे होणारी मर आहे. भाजीच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या कुणालाही हे सगळं माहीत असतं.

पुण्यात यात हवामानाची भर पडते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास आणि हवा कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, हवेत इतका ओलावा की कुंडी आठवडाभर सुकत नाही. त्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर क्षार वेगळे.

या सगळ्यातून एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंद खोलीतल्या रोपावर पाऊस पडत नाही, ऊन येत नाही, वारा लागत नाही. त्याला जे मिळतं ते माणसाने दिलेलं असतं. त्यामुळे त्याची पानं झुकली तर ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून झालेल्या चुकीमुळे. म्हणजेच त्या रोपाची कुणीतरी रोज काळजी घेतंय. कायद्याच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

पान सुटतं, मग झाड का सुटत नाही?

भारतात अमली पदार्थांसाठी एनडीपीएस कायदा आहे, १९८५ सालचा. त्यात गांजाची व्याख्या अशी आहे की, कॅनाबिस या झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरली जात नाहीत. "पानं लीगल" हा समज इथूनच आलाय. भांग पानांपासून बनते, म्हणून उत्तरेत काही राज्यांमध्ये सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात.

मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना या व्याख्येवर बोट ठेवलं होतं. जप्त केलेल्या मालात फुलांचे शेंडे नसतील तर नुसत्या पानांना गांजा म्हणता येणार नाही, असा तो मुद्दा होता.

पण याच कायद्यात 'कॅनाबिसचं झाड' अशी वेगळी व्याख्या आहे. या जातीचं कोणतंही झाड त्यात येतं. फूल आलेलं असो वा नसो, तीन फुटांचं असो वा तीन इंचांचं. कलम ८ नुसार हे झाड लावायलाच बंदी आहे, आणि कलम २० मध्ये त्याची शिक्षा दिली आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

महाराष्ट्रात तर भांगेचाही मार्ग मोकळा नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तिच्यावर परवान्याचं बंधन घातलेलं आहे.

विकत घेतला तर एक वर्ष, लावला तर दहा?

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो.

गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो. त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की 'व्यावसायिक प्रमाण', तिथे किमान १० आणि कमाल २० वर्षं. मधल्या वजनासाठी १० वर्षांपर्यंत.

लागवडीला मात्र अशी वजनाची पायरीच नाही. एक झाड आणि शंभर झाडं एकाच कलमात येतात. किमान शिक्षा ठरवून दिलेली नाही, त्यामुळे न्यायाधीश एका कुंडीसाठी कमी शिक्षा देऊ शकतात हे खरं. पण कमाल मर्यादा दोघांनाही सारखीच. म्हणजे रस्त्यावरून थोडासा गांजा घेणाऱ्यापेक्षा "बाहेरचा भेसळीचा नको, घरीच लावू" असं म्हणणारा कागदावर दहापट मोठ्या शिक्षेच्या कक्षेत येतो.

"स्वतःपुरतं" हा बचावही इथे चालत नाही. सेवनासाठी कलम २७ आहे, त्यात गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड आहे. पण लागवडीच्या कलमात झाड कुणासाठी लावलं याने गुन्हा बदलत नाही.

आपोआप उगवलं म्हटलं तर?

कॅनाबिस हे तणासारखं उगवणारं झाड आहे. हिमालयाच्या पायथ्याला ते रस्त्याच्या कडेलाही दिसतं. त्यामुळे जमिनीत झाड सापडलं म्हणजे मालकानेच लावलं, असं म्हणता येईल का?

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात याचं उत्तर दिलं. जमिनीत बी पडून अशी झाडं आपोआपही येऊ शकतात, म्हणून नुसती झाडं सापडणं पुरेसं नाही. आरोपीने ती लावली, वाढवली याचा पुरावा हवा. तो नव्हता, म्हणून आरोपी सुटला.

आता हाच निकष बाणेरच्या कपाटाला लावून बघा. बी वाऱ्याने उडून कपाटात आलं, स्वतःच कुंडीत शिरलं, मग दिव्याला टायमर लागला, असं कोण मानेल? तंबू, दिवा, पंखा, पीएच मोजायचं यंत्र, खताच्या बाटल्या ही सगळी मशागतच आहे. हे सामान कलम ६० खाली जप्तही होऊ शकतं.

शिवाय मोबाईल आहेच. रोपाचे रोज काढलेले फोटो, मित्राला पाठवलेला "पानं का झुकली बघ ना" असा मेसेज, ऑनलाइन मागवलेल्या सामानाची पावती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात डिजिटल नोंदी पुरावा म्हणून मांडायची पद्धत दिलेली आहे. नुसत्या सर्चवरून कुणी दोषी ठरत नाही. पण झाड, सामान आणि त्याला जगवायची ही धडपड एकत्र आली की "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. त्यात कलम ३५ नुसार आरोपीचा हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं. तो नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते.

फ्लॅटमधल्या बाकीच्या दोघांचं काय?

पुण्यासारख्या शेअरिंगवर राहणाऱ्यांच्या शहरात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कलम २५ सांगतं की, घराचा मालक किंवा ताबा असलेल्या व्यक्तीने जाणूनबुजून अशा कामासाठी जागा वापरू दिली, तर त्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. 'जाणूनबुजून' हा शब्द इथे महत्त्वाचा. खरंच माहीत नसेल तर बचाव आहे. पण कपाटातला दिवा रोज बारा-अठरा तास चालू असताना आणि वीजबिल तिघांत वाटलं जात असताना ते सिद्ध करणं सोपं नाही.

मग हे फॅड आलं कुठून?

एक कारण थायलंड. जून २०२२ मध्ये थायलंडने कॅनाबिस अमली पदार्थांच्या यादीतून काढलं आणि बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दुकानं उघडली. तिथून आणलेला 'हायड्रोपोनिक गांजा', म्हणजे मातीऐवजी पोषक द्रव्यं मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेला गांजा, मुंबई विमानतळावर कस्टम्सने वारंवार पकडलाय. पुण्याच्या विमानतळावरही असा माल सापडलाय. खुद्द थायलंडने जून २०२५ मध्ये पलटी मारली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली.

दुसरं कारण म्हणजे घरात शेती करायचं तंत्र स्वस्त झालं. हायड्रोपोनिक्स स्वतः बेकायदेशीर नाही, लेट्यूस आणि चेरी टोमॅटो त्यावरच पिकतात. पण तेच तंत्र वापरून गोव्यात भाड्याच्या घरांमध्ये गांजा पिकवल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. महाराष्ट्रात लागवड म्हटलं की आजवर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या डोंगराळ भागात पोलिसांनी उपटलेली झाडं डोळ्यांपुढे यायची. आता तपास बंद खोल्यांपर्यंत आलाय.

तिसरं कारण, अर्धवट बातम्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. २०१८ मध्ये उत्तराखंडने हेम्पच्या लागवडीचा परवाना दिला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सगळ्यात धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढलं, भारताने बाजूने मत दिलं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिली बियांच्या पदार्थांबद्दल आहे, दुसरी कलम १४ खाली सरकारी परवानगीने होणाऱ्या, नशा आणणारा घटक अगदी कमी असलेल्या पिकाबद्दल आहे आणि तिसरीने भारतातला कायदा बदललेला नाही. रील तीस सेकंदांचं असतं, त्यात हा फरक मावत नाही.

कायदा बदलायला हवा का?

यावर वाद आहे आणि तो रास्त आहे. एका कुंडीला आणि एकरभर पिकाला एकच कलम का, पान सोडून झाड धरायचं हे कितपत तर्काला धरून आहे, हे प्रश्न विचारता येतात. दुसरी बाजू म्हणते की घरगुती लागवडीला सूट दिली तर तिच्या आडून विक्री होईल आणि ती पकडणं अशक्य होईल. ही चर्चा संसदेत आणि न्यायालयात व्हायला हवी. ती होऊन कायदा बदलेपर्यंत मात्र कपाटातल्या रोपाला आजचाच कायदा लागू आहे.

आणि प्रश्न रोपाचा नसून सवयीचा असेल, तर त्यासाठीही कायद्यात एक दार आहे. कलम ६४ अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. लागवड करणाऱ्याला हे संरक्षण नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय. केंद्र सरकारची 'मानस' हेल्पलाइनही आहे, तिचा नंबर १९३३. व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मदत हवी असेल तर तिथे फोन करता येतो.