उपग्रह निघाला, पण माल पोहोचला का?

29 जानेवारी 2025 रोजी श्रीहरिकोटाहून एनव्हीएस-02 हा दिशादर्शक उपग्रह सुटला. त्या तळावरचे हे 100 वे उड्डाण, म्हणून पेपरांत मोठे मथळे आले. काही दिवसांतच खबर आली की उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर पोहोचवणारे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत. रॉकेटने आपले काम चोख केले, उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत गेला नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर बिल्टी बनली, गाडी निघाली, पण गाठी पार्टीच्या गोदामात उतरल्या नाहीत. अशा मालाचे पेमेंट कोणी करत नाही.

कापडवाल्याला याच्याशी काय घेणे, असे काही बांधव म्हणतील. मालेगावचे ग्रे कापड प्रोसेससाठी बालोतरा, पालीपर्यंत जाते. ट्रक कुठे आहे हे ट्रान्सपोर्टवाला मोबाइलवर दाखवतो, ते मुख्यतः अमेरिकेच्या जीपीएसच्या जोरावर. मोबाइलवर किब्ला पाहणाऱ्यांचेही तेच. सेवा चांगली आहे, फुकट आहे, पण चावी दुसऱ्याच्या खिशात आहे. मे 2000 पर्यंत सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल अमेरिका मुद्दाम बिघडवून देत असे. रशिया, चीन आणि युरोपने आपापली व्यवस्था उभी केली ती शौक म्हणून नव्हे.

आपली व्यवस्था म्हणजे नाविक. भारत आणि सीमेपलीकडे 1500 किलोमीटरपर्यंत तिचा पल्ला. या उपग्रहांचा जीव घड्याळात असतो. सिग्नल कधी निघाला, कधी पोहोचला, यावरून अंतर निघते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. पहिल्या पिढीची रुबिडियम घड्याळे परदेशातून आणली होती. 2013 साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही बंद पडली. 29 मे 2023 रोजी गेलेल्या एनव्हीएस-01 मध्ये प्रथमच अहमदाबादेत बनलेले देशी घड्याळ बसले. माझ्या मते खरी तारीफ त्या घड्याळाची व्हायला हवी होती. त्याच उपग्रहापासून एल-1 सिग्नलही मिळू लागला, जो साध्या आणि कमी बॅटरी खाणाऱ्या यंत्रांना घेता येतो.

आता हिशोब पाहा. जुलै 2025 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की सोडलेल्या 11 उपग्रहांपैकी ठिकाण दाखवण्याचे काम चारच करीत आहेत. ठिकाण काढायला कमीत कमी चारच लागतात! एकही जादा मोटर न ठेवता कारखाना चालवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तेव्हा उड्डाणे किती झाली हे सांगण्याऐवजी, किती उपग्रह चालू आहेत हे सरकारने दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. आणि गाड्यांना ट्रॅकर बसवणाऱ्या बांधवांनी ‘जीपीएस आहे’ एवढ्यावर सौदा करू नये. जीपीएसबरोबर नाविकचे एल-1 आणि एल-5 दोन्ही सिग्नल घेतो का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.