पिन सांगू नका, ओटीपी वाचून दाखवू नका!



पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं आता थेट खात्यावर पडतं. त्या खात्याची किल्ली म्हणजे तुमचा पिन, ओटीपी आणि अंगठा. आणि ती किल्ली आपण सर्रास दुसऱ्याच्या हातात देतो. एटीएम कार्डाच्या पाकिटावर बॉलपेनाने चार आकडे लिहिलेले असतात. ते जन्मसाल असतं, नाहीतर मोटारसायकलचा नंबर. पाकीट हरवलं की पिनही त्याच्यासोबत गेला.

यात दोष एकट्या माणसाचा नाही. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठं अक्षर टाका, चिन्ह टाका, अशी सक्ती केली की माणूस तो कुठेतरी लिहून ठेवणारच. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, तो लांब असू द्या. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून पासवर्ड करा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून घरच्या पेटीत ठेवा, चालेल. एटीएमचा पिन मात्र कार्डाजवळ कधीच नको.

अंगठ्याचं दुखणं वेगळं आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, पण लॉक केलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. अंगठ्यावरच धान्य आणि पैसे उचलणाऱ्या आजीला ‘लॉक करा’ सांगून काय उपयोग? तिच्यासोबत घरातल्या कुणीतरी जा. ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ असं मशीनवाल्याने म्हटलं तर आधी पावती मागा, शिल्लक विचारा, मगच परत लावा.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे घेताना पिन मागितला की पैसे जाणार, हे पक्कं धरा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. ती मोबाईलमध्ये बसली की तुमचे ओटीपी चोर वाचू शकतो.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम ऐका. खात्यातून पैसे गेले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

कॉलेजातल्या पोरापोरींनो, आजीआजोबांचा पिन तुम्ही टाकू नका, त्यांना टाकायला शिकवा. बँकेतल्या साहेबांनो, सेवा केंद्र चालवणाऱ्यांनो, म्हातारं माणूस पिन टाकताना जरा थांबा, तोंड फिरवा, घाई करू नका.

आणि कुणी फसलंच, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.