एक मूल, चार खाती

अकलूजहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक. पुणे त्याहून लांब. समजा, अकलूजजवळच्या एखाद्या वस्तीवर सहा वर्षांचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही, नजरेला नजर देत नाही आणि गेल्या दोन महिन्यांपासून भिंतीवर डोके आपटून घेतो. आई त्याला घेऊन पहाटेची एसटी पकडते. एका डॉक्टरांकडे झोपेचे औषध मिळते. दुसरे कान तपासून घ्यायला सांगतात. तिसरीकडे, वाचा-उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा आणा, असा सल्ला मिळतो. दोनदा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार. घरी सासूबाईंना खात्री आहे की पोराला बाहेरचे काहीतरी लागले आहे. डॉक्टरांचा एकही सल्ला चुकीचा नाही. पण या तिघांची आपसात कधी गाठ पडलेली नाही. फाइल तेवढी आईच्या पिशवीतून हिंडते आहे.

गतिमंदता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात असे एखादे नाव मुलाला एकदा चिकटले, की त्याचे सारे वागणे त्या नावावर टाकून आपण मोकळे होतो. ‘अशी मुले चिडायचीच’, हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येते. वस्तुत: न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखत असेल, कान फुटला असेल, शाळेत कुणी रोज चिमटे काढत असेल, तर डोके आपटण्यावाचून त्याने सांगायचे कसे? उलट बाजूही आहे. भीती, उदासी, झोप उडणे या गोष्टी अशा मुलांनाही होतात, इतर मुलांपेक्षा अधिकच होतात. पण त्यांना मन आहे हेच आधी कुणी धरून चालत नाही. हे ओळखायला दंतवैद्य लागतो, कानाचा डॉक्टर लागतो, मानसशास्त्रज्ञ लागतो, वर्गातली बाई लागते. शिवाय मूल नेमके कधी आणि कशानंतर बिथरते, हे जिला ठाऊक असते ती आईही लागते. ही माणसे एकत्र बसली तरच उत्तर सापडण्याची शक्यता.

चमू म्हणजे एका इमारतीतल्या सात खोल्यांत बसलेले सात तज्ज्ञ नव्हेत. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, रिंगण होते. दिंडीत वीणेकरी, टाळकरी, मृदंगी असे प्रत्येकाचे काम वेगळे, पण चाल एकच असते. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 साली सुरू केलेल्या ‘उम्मीद’ या संस्थेचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे बालविकासतज्ज्ञ, उपचारक आणि समुपदेशक कुटुंबाला बरोबर घेऊन काम करतात. वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देतात. अर्थात मुंबईची संस्था अकलूजला उचलून आणता येत नाही.

मग इथे काय आहे? पुष्कळ आहे, असे उत्तर दिले तर वाचकांना नवल वाटेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. बालरोगतज्ज्ञापासून विशेष शिक्षकापर्यंत सारे तिथे एका छताखाली असावेत, अशी कल्पना. शाळांसाठी समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक आहेत. अकलूजला उपजिल्हा रुग्णालय आहे. कायदाही बदलला: 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता त्यांत आल्या.

अडते ते निराळ्याच ठिकाणी. फिरते पथक आरोग्य खात्याचे, अंगणवाडी महिला व बालविकासची, विशेष शिक्षक शिक्षण खात्याचे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग 2022 साली स्वतंत्र झाला, हे चांगलेच झाले. पण मूल मात्र एकच राहिले. माळशिरस तालुक्याची लोकसंख्या 2011 सालीच पाच लाखांच्या घरात होती. एवढ्या तालुक्यासाठी या चार खात्यांची माणसे महिन्यातून एक दिवस उपजिल्हा रुग्णालयात एका टेबलाभोवती बसली, सोलापूरचे मानसोपचारतज्ज्ञ त्या दिवशी इकडे आले, आणि प्रत्येक कुटुंबाला विचारपूस करणारे एकच ठरलेले माणूस मिळाले, तर खर्च फार होणार नाही. प्रवासभत्त्याची बिले कोणत्या खात्याने द्यायची, एवढा वाद मात्र नक्की होईल! मानसोपचारतज्ज्ञ थोडे आहेत हे खरे. म्हणूनच त्यांच्याकडे कोणाला पाठवायचे, हे आधी चौघांनी मिळून ठरवायला हवे.

त्या टेबलाशी आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: आई झोपते का? रात्ररात्र जागणारी, मूल असे झाल्याचा ठपका सोसणारी बाई स्वत: खचली असेल, तर तिच्या हातात दिलेला व्यायामाचा तक्ता भिंतीवरच राहतो. ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून आहे. ती अशा आयांसाठीही आहे, हे अंगणवाडीताईंनी सांगायला हरकत नाही.

आणि या भागात एक पेच असा, की तो मुंबईच्या तज्ज्ञांना सुचणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या इथल्या फडांवर येतात, कोप्या उभ्या राहतात. कोपीवरचे मूल पथक येईल त्या दिवशी शाळेत असेलच असे नाही. समजा ते सापडले, आईला विश्वास वाटला आणि उपचार लागू पडू लागले, तरी मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो आणि बिऱ्हाड गावी निघते. त्या दिवशी मुलाचे कागद कुणाच्या हाती द्यायचे आणि बीडला फोन कोणी करायचा, हे आज कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.